निरीक्षणाचे तास

यादी फ्रिजवर लावली आहे, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली.
शरीररचना, प्रयोगशाळेसह. शरीरक्रिया, तीही प्रयोगशाळेसह.
रसायनशास्त्राची दोन सत्रं, संख्याशास्त्र, मानसशास्त्र.
शिफारसपत्रं तीन, त्यातलं एक परवानाधारक फिजिओथेरपिस्टचं.
नातेवाईक चालणार नाहीत.
आमच्या नात्यात परवाना आहे तो फक्त मासेमारीचा.

भौतिकशास्त्र मी केलं होतं. बी वजा.
पण दहा वर्षांहून जुने गुण ग्राह्य नाहीत
आणि माझे बारा वर्षांचे.
डुलुथच्या उतारावर बर्फ साचला की
गाड्या अजून त्याच सूत्राने घसरत
सरोवराकडे जातात,
हे मी फोनवरच्या बाईला सांगितलं.
ती मनापासून हसली.
हो, म्हणाली, पण ग्राह्य नाही.

म्हणून मंगळवारी, गुरुवारी रात्री
एकोणीस वर्षांच्या पोरांत बसून
पुन्हा तरफ शिकते आहे. टेकू, भार, बल.
पोरं मला मॅडम म्हणतात
आणि माझ्या वहीतून उतरवून घेतात.

निरीक्षणाचे तास शंभर.
बेकरीतली पहाटपाळी संपवून, बुटांवर पीठ घेऊन
मी क्लिनिकच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर.
निरीक्षकाने रुग्णाला हात लावायचा नाही,
विम्याचा नियम आहे.
हाताची घडी, तोंडावर बोट.
लेलंड ब्रास्क हिरव्या शाईने सही करतात
आणि आठवड्यातून एखादं वाक्य बोलतात.
पहिल्या आठवड्यातलं: माणूस नंतर बघ,
आधी त्याचे बूट बघ, कुठल्या बाजूने झिजलेत.

टोइवो हार्यू. खनिजाच्या बोटींवर चाळीस वर्षं आचारी.
गुडघा अकरा वर्षं अंगावर काढला,
आता नवा बसवलाय, त्याला ते 'भाडेकरू' म्हणतात.
क्लिनिकमधल्या लाकडी जिन्याला तीनच पायऱ्या,
वर काहीच नाही, भिंत.
चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा.
युक्सी, काक्सी, कोल्मे,
भिंतीला नमस्कार केल्यासारखं थांबायचं, आणि परत.

बासष्टावा तास. लेलंड बर्फाची पिशवी आणायला आत गेले.
टोइवो वर उभे, वळले,
आणि खाली ठेवायला निघाला तो चांगला पाय.
भाडेकरू वाकला.
मी स्टुलावरून कधी उठले मला माहीत नाही.
तळहात सपाट, त्यांच्या पाठीवर,
लोकरीचा स्वेटर, आत गरम, कॉफीचा वास.
मी रोज मैद्याची पन्नास पौंडांची पोती उचलते.
हे त्याहून कमी होतं.
पोतं मात्र हाताखाली श्वास घेत नाही.

मग ते सावरले. काक्सी, म्हणाले,
मधे काही झालंच नाही अशा आवाजात.
लेलंड दारात उभे होते, पिशवीतून पाणी गळत होतं.

संध्याकाळी कागदावर दोनऐवजी पावणेदोन.
मी बघत राहिले.
पंधरा मिनिटं तू निरीक्षक नव्हतीस, म्हणाले,
आणि पेनाचं टोपण लावलं.
रागावले की काय ते त्या हिरव्या आकड्यावरून कळेना.
अजून कळलेलं नाही.

निबंधाचा प्रश्न: हा व्यवसाय तुम्हाला का निवडायचा आहे?
खरं उत्तर लिहिलं तर नियम मोडल्याची कबुली होते.
म्हणून लिहिलं शाळेतल्या व्हॉलीबॉलबद्दल,
मुरगळलेल्या घोट्याबद्दल.
घोटा खरा आहे. बाकी सगळ्यांसारखंच.

शेवटी बेरीज केली तर नव्याण्णव पूर्णांक तीन चतुर्थांश.
पाव तासासाठी एका सकाळी पुन्हा गेले,
वाऱ्याने पापण्या चिकटत होत्या.
टोइवोंना घरी सोडलं होतं,
त्यांच्या वेळेला दुसरंच कोणी, एक बाई, पडद्यामागे.
दाराशी तिचे बूट होते, ओले.
डाव्याची टाच बाहेरून पार झिजलेली,
उजवा जवळजवळ नवा.
मी स्टुलावर बसले
आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.